पुस्तकाची शिफारस करणारी माणसं

‘शिफारस’ हा शब्द आपल्याकडे जरा बदनाम झालेला आहे. नोकरीसाठी शिफारस, बदलीसाठी शिफारस, प्रवेशासाठी शिफारस. कुणी म्हटलं, ‘त्याची वरून शिफारस आहे’, की ऐकणारा ओळखतो, इथं लायकीपेक्षा ओळख मोठी आहे. पण पुस्तकाच्या बाबतीत हा शब्द आपली सगळी बदनामी धुऊन काढतो. पुस्तकाची शिफारस करणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. उलट त्याची प्रत हातातून जाते, कधी परत येते, कधी येत नाही. तरीही माणूस सांगितल्याशिवाय राहत नाही, की ‘हे वाच.’ माझ्या मते पुस्तक वाचण्याचा आनंद तिथं पूर्ण होतो. एकट्यानं वाचलं ते अर्धं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. त्यामुळे एका भाषेचा तास संपवून दुसऱ्या भाषेच्या वर्गात जाताना काही शब्द माझ्यासोबतच चालत येतात. शिफारस हा शब्द उर्दूत ‘सिफारिश’ असतो. कागद, कलम, दौत, शाई हे सगळे फारसी-अरबी वाटेनं मराठीत आले आणि इथलेच झाले. ‘दफ्तर’ उर्दूत म्हणजे कचेरी. मराठीत तेच ‘दप्तर’ होऊन मुलांच्या पाठीवर बसलं. ‘यादी’त ‘याद’ आहे, म्हणजे आठवण. आणि जुन्या मोडी कागदपत्रांत यादीला आणखी एक शब्द भेटतो, ‘फेरिस्त’. उर्दूत आजही आपण ‘फेहरिस्त’ म्हणतो. या फेरिस्तीवरूनच मला आज एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. तो हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये पुस्तकांचा धंदा करत होता.

पण आधी त्याचं शहर पाहू. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला. तोवर लिहायचं ते चामड्यावर नाहीतर पपायरसवर, म्हणजे महाग. कागद स्वस्त झाला आणि पुस्तकांची एक पेठच उभी राहिली. तिचं नाव सूक-अल-वर्राकीन. ‘वर्राक’ म्हणजे कागद विकणारा, नकला करून देणारा, बांधणी करणारा आणि पुस्तकं विकणारा, सगळं एकाच माणसात. नवव्या शतकातला भूगोलकार याकूबी सांगतो की या पेठेत शंभराहून जास्त दुकानं होती.

बसऱ्याहून आलेला अल-जाहिज हा या पेठेचा लाडका वेडा. त्याचं वेड असं की हाती आलेलं पुस्तक तो शेवटच्या पानापर्यंत वाचूनच खाली ठेवायचा. सगळीच पुस्तकं विकत घेणं कुणाला परवडणार? म्हणून तो वर्राकांची दुकानं रात्रीपुरती भाड्यानं घ्यायचा आणि आत बसून वाचत राहायचा. त्याच काळातला अल-फतह इब्न खाकान हा खलिफा मुतवक्किलचा जवळचा माणूस. तो दरबारात जातानाही बाहीत नाहीतर जोड्यात पुस्तक दडवून न्यायचा. खलिफा जरा उठून गेला की याचं पुस्तक बाहेर. आणि इस्माईल इब्न इसहाक नावाचे एक काजी होते. त्यांच्याकडे कधीही जा, ते एकतर वाचत असायचे, नाहीतर पुस्तकं चाळत, झटकत असायचे.

या तिघांच्या आठवणी आपल्यापर्यंत ज्यानं पोहोचवल्या, तोच माझा माणूस. त्याचं नाव इब्न-अल-नदीम. बापही वर्राक, हाही वर्राक. दुकानात आयुष्य गेलं. हिजरी ३७७, म्हणजे इसवी सन ९८७ च्या सुमारास त्यानं एक ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘अल-फिहरिस्त’. अरबी भाषेत तोवर जेवढी पुस्तकं आहेत, त्या सगळ्यांची नोंद, असा त्याचा संकल्प. दहा भाग. सुरुवात लिपी, भाषा आणि धर्मग्रंथांपासून. मग व्याकरण, इतिहास, शायरी, कलाम, फिक्ह आणि हदीस. मग तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक. मग किस्से-कहाण्या आणि जादूटोणा. मग इतर धर्म आणि पंथ. आणि शेवटी किमया.

मला या ग्रंथात सगळ्यात जास्त काय आवडतं? त्याची दुकानदारी इमानदारी. शायरांच्या भागात तो प्रत्येकाचा दीवान किती पानांचा आहे ते लिहितो आणि आधीच खुलासा करतो, की पान म्हणजे सुलेमानी कागदाचं पान, एका बाजूला वीस ओळी. का? कारण गिऱ्हाईक फसू नये. कुणी अर्धाच दीवान पूर्ण म्हणून विकत असेल, तर घेणाऱ्याला ते कळावं. आजच्या भाषेत सांगायचं तर, शिफारस करणाऱ्यानं मापही नीट सांगितलं पाहिजे.

दुसरी गोष्ट. इब्न-अल-नदीम शिया होता. पण त्याच्या यादीत सुन्नी इमाम आहेत, मुतझिला आहेत, ख्रिस्ती आणि यहुदी विद्वान आहेत. मानी नावाच्या इराणी प्रवर्तकाचा पंथ बगदादमध्ये बहिष्कृत होता, त्याची माहितीही यानं सविस्तर दिली. आज जगभरचे अभ्यासक मानीच्या पंथाबद्दल लिहितात, तेव्हा त्यांना या मुसलमान पुस्तकविक्याचं दार ठोठवावंच लागतं. ‘हजार अफसाना’ हे फारसी पुस्तक, ज्याच्यातून पुढे अलिफ-लैलाच्या कहाण्या वाढल्या, ते त्यानं पूर्ण पाहिलं होतं. त्याला ते अजिबात आवडलं नाही. तसं त्यानं स्पष्ट लिहिलं. पण नोंद गाळली नाही! आपल्याला न पटणारं, न आवडणारं पुस्तकही यादीत ठेवायचं आणि आपलं मत वेगळं लिहायचं, हा अदब हजार वर्षांपूर्वीचा आहे.

आणि त्या यादीत आपण हिंदुस्तानी लोकही आहोत. पंचतंत्रातून गेलेलं ‘कलीला व दिमना’ आहे. सुश्रुताचा ग्रंथ आहे. मनका नावाच्या हिंदी वैद्यानं बगदादला राहून, वजीर याह्या बरमकीच्या सांगण्यावरून, तो समजावून दिला अशी नोंद आहे. याच याह्यानं हिंदुस्तानात एक माणूस पाठवला होता. काम दोन: तिथल्या औषधी आणायच्या आणि तिथल्या धर्मांची माहिती लिहून आणायची.

आता दुखरी गोष्ट. इब्न-अल-नदीमनं नोंदवलेल्या पुस्तकांपैकी बहुतेक आज कुठंही नाहीत. आग, पूर, लढाया, वाळवी आणि सगळ्यात जास्त म्हणजे विसर. हाताने लिहायच्या काळात जे पुस्तक कुणी कुणाला सांगितलं नाही, त्याची नक्कल झाली नाही. ज्याची नक्कल झाली नाही, ते मेलं. कित्येक पुस्तकांचं फक्त नाव उरलं, आणि तेही एका दुकानदारानं लिहून ठेवलं म्हणून.

आपल्या समाजात शिक्षणावरचं कुठलंही भाषण ‘इक्रा’ या शब्दानं सुरू होतं. वक्ता सांगतो की पहिली वही याच शब्दानं उतरली, टाळ्या पडतात आणि बहुधा गोष्ट तिथंच थांबते. मला मुलांना त्या शब्दाचं एक अंग आवर्जून सांगावंसं वाटतं. अरबीत त्यात नुसतं डोळ्यांनी वाचणं नाही, आवाजानं पढणंही आहे. आवाज आला म्हणजे ऐकणारा आला. जुन्या मुस्लिम जगात पुस्तक वाचलं जायचं ते असंच, बैठकीत. एक जण पढायचा, उस्ताद ऐकून दुरुस्त करायचा, बाकीचे ऐकायचे. आणि वाचन झालं की पोथीच्या शेवटी लिहिलं जायचं, अमुक ठिकाणी, अमुक तारखेला, अमुक अमुक लोकांनी हे पुस्तक ऐकलं. याला ‘समाअ’ म्हणत. दमिश्कच्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या पोथ्यांवर अशा नोंदी भरपूर सापडतात. त्यात आलिमांसोबत कारागीर आहेत, बाया आहेत, बापाचा हात धरून आलेली लहान मुलं आहेत. एखाद्याला मध्येच डुलकी लागली किंवा तो उशिरा आला, तर त्याच्या नावापुढे तसंही कधी कधी लिहिलेलं असतं. वर्गशिक्षकाची हजेरीच म्हणा ना!

या साखळीतल्या एका बाईचं नाव प्रत्येक मुलीला माहीत असावं असं मला वाटतं. करीमा अल-मरवजिया. अकराव्या शतकात मक्केत राहून त्या सहीह बुखारी शिकवत. त्यांच्याकडून बुखारी ऐकली, हे विद्वान अभिमानानं सांगत. बगदादचा इतिहास लिहिणारे खतीब बगदादी हजला गेले, तेव्हा अवघ्या काही दिवसांत त्यांनी करीमांसमोर तो ग्रंथ पढून घेतला. म्हणजे जे पुस्तक आज घराघरांत आदरानं ठेवलं जातं, त्याच्या प्रवासात एका बाईचा उंबरठा आहे.

पुढे सतराव्या शतकात इस्तंबूलमध्ये इब्न-अल-नदीमचा एक वारस झाला. हाजी खलीफा, ज्याला तुर्क लोक कातिब चेलेबी म्हणतात. हा लष्करी कचेरीतला कारकून. मोहिमेवर असताना फौजेचा मुक्काम हलब शहरात पडला. बाकीचे लोक बाजारात काय काय पाहत हिंडत असतील, हा पुस्तकांच्या दुकानांत जाऊन नावं उतरवून घेत होता. वारशात पैसे मिळाले, ते पुस्तकांत घातले. वीसेक वर्षं खपून ‘कश्फ-अल-जुनून’ नावाची सूची केली. त्यात जवळजवळ पंधरा हजार पुस्तकांची नोंद आहे.

हिंदुस्तानातला असा वारस सांगायचा तर मला पाटण्याचे खुदाबख्श आठवतात. व्यवसायानं वकील. वडील मोहम्मद बख्श यांनी मरताना मुलाच्या हवाली सुमारे १,४०० हस्तलिखितं केली आणि वसीयत केली की हा संग्रह वाढव आणि लोकांसाठी खुला कर. लक्षात घ्या, जमीन नाही, हवेली नाही. काम वारशात दिलं. मुलानं ते केलं. हस्तलिखितं शोधायला माणसं ठेवली, कमाई त्यात ओतली आणि १८९१ मध्ये सुमारे ४,००० हस्तलिखितांसह ग्रंथालय सर्वांसाठी उघडलं. पुढे काही वर्षं ते निजामाच्या हैदराबादेत उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे आमचा मराठवाडा तेव्हा ज्या राज्यात होता, त्याच राज्यात. १९०८ मध्ये वारले आणि त्यांची कबर ग्रंथालयाच्याच आवारात आहे. १९६९ मध्ये संसदेनं कायदा करून या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं. बापाची शिफारस मुलानं ऐकली, याचं एवढं मोठं उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

पण सगळ्यांना पाटण्याला जाणं कसं जमेल? पुस्तकानंच उठून गावात यायला हवं. हे ओळखलं बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. त्यांच्या राज्यात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मग प्रश्न आला, शिकलेल्या पोरांनी पुढे वाचायचं काय? वाचायला मिळालं नाही तर अक्षरं चार वर्षांत पुसतात. अमेरिकेतले सार्वजनिक वाचनालय महाराजांनी पाहिले होते. १९१० मध्ये त्यांनी तिकडून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्याला आणले. गावोगाव वाचनालयं निघाली आणि जिथं ती नव्हती तिथं लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली जाऊ लागली. गावात पेटी यायची, लोक वाचायचे, पेटी पुढच्या गावाला. मला त्या पेट्यांचं फार अप्रूप वाटतं. राजानं रयतेला केलेली ती शिफारसच होती.

आमच्या घरी पेटी नव्हती, पण अब्बांना शौक होता. गावात एक किरायाची लायब्ररी होती, तिथून ते इब्ने-सफीचे जासूसी नॉव्हेल आणायचे. अलाहाबादहून १९५२ मध्ये ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली आणि उर्दू वाचणाऱ्या कितीतरी घरांना तिनं वेड लावलं. अम्मी म्हणायची, ‘चोर-पोलीस वाचून काय मिळतं?’ अब्बा पान न सोडता म्हणायचे, ‘जबान मिळते.’ ते खरं होतं. मी मराठी शाळेच्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणायला लागलो, तेव्हा घरात दोन गुप्तहेर झाले, एक उर्दू आणि एक मराठी. रात्री जेवताना आम्ही बापलेक एकमेकांना गोष्टी सांगायचो. माझं भाषांतराचं पहिलं शिक्षण बीएडच्या कॉलेजात झालं नाही, त्या दस्तरख्वानावर झालं.

आता थोडं वर्गातलं. अलीकडे मुलांच्या हातात इतिहास मोबाइलवरून येतो. सकाळी एक मेसेज येतो, दुपारपर्यंत वर्गात दोन गट पडतात. मोगल विरुद्ध मराठे. आणि बसलेल्या मुलांचे जणू त्यातलेच कुणी सख्खे काका-मामा. अशा वेळी भाषण देऊन उपयोग होत नाही. मी पुस्तक काढतो. सेतुमाधवराव पगडी हे निलंग्यात जन्मलेले, निजामाच्या राज्यात वाढलेले, उर्दू-फारसी जाणणारे मराठी इतिहासकार. त्यांनी मोगलकाळातली कितीतरी फारसी साधनं मराठीत आणली. त्यातलं एक भीमसेन सक्सेनाचं ‘तारीख-ए-दिलकुशा’.

मी मुलांना विचारतो, हा भीमसेन कोण? नाव ऐकून एक गट म्हणतो, आपल्याकडचा. मग सांगतो की तो बुऱ्हाणपूरचा कायस्थ, मोगलांच्या नोकरीत होता, औरंगजेबाच्या दख्खनच्या मोहिमेत होता आणि पुस्तक त्यानं फारसीत लिहिलं. दुसरा गट खूश होतो. मग सांगतो की लांबत चाललेल्या लढाईनं फौज कशी थकली, मनसबदार कसे मोडकळीला आले, रयतेचे काय हाल झाले, हेही त्यानंच लिहून ठेवलं. आता दोन्ही गट गप्प. हिंदू कारकुनानं फारसीत लिहिलेलं, मराठवाड्यातल्या एका ब्राह्मणानं मराठीत आणलेलं आणि आज एक मुसलमान मास्तर वाचून दाखवतोय. त्या शांततेत कुणीतरी हळूच विचारतं, ‘सर, हे पुस्तक घरी नेता येईल का?’ मला पगारात न मिळणारी गोष्ट ती हीच.

मेसेज पुढे ढकलणं आणि पुस्तक सुचवणं यात हाच फरक आहे. मेसेज ढकलणारा वाचलेला असतोच असं नाही. पुस्तक सुचवणारा आधी स्वतः त्यातून गेलेला असतो, आणि उद्या कुणी जाब विचारला तर त्याला उत्तर द्यावं लागतं. इब्न-अल-नदीमसारखं त्याला पानांचं माप सांगावं लागतं.

एक काळजी मात्र मनातून जात नाही. आमच्या भागात जुन्या घरांत अजून उर्दू पुस्तकं निघतात. मुसलमानांच्या घरांत तर निघतातच, पण हिंदूंच्या घरांतही निघतात, कारण निजामाच्या काळात शाळा उर्दूतून होत्या आणि आजोबांची पिढी ती भाषा सहज वाचायची. लखनौच्या मुन्शी नवल किशोरांच्या छापखान्याच्या प्रती त्यात भेटतात. १८५८ मध्ये सुरू झालेल्या या छापखान्यानं कुरआन शरीफ छापलं, आणि हिंदू धर्मग्रंथही उर्दूतून छापले. आता नातवंडांना लिपी येत नाही. पुस्तक उलटं धरून बघतात, कपाळाला लावतात, परत गाठोड्यात ठेवतात. एक दिवस घराला रंग द्यायचा निघतो आणि गाठोडं रद्दीवाल्याकडे जातं. बगदादची पुस्तकं बुडाली म्हणून आपण हळहळतो. आपल्या माळ्यावरची बगदाद आपल्यादेखत जाते.

त्यासाठी मोठी योजना माझ्याकडे नाही. छोट्या गोष्टी आहेत. घरात जुनं उर्दू पुस्तक निघालं तर रद्दीत देण्याआधी वाचता येणाऱ्या कुणाला तरी दाखवा; जवळच्या उर्दू शाळेत एक तरी शिक्षक सापडेल. लिपी शिकायला महिना-दीड महिना पुरतो, मी पन्नाशीतल्या माणसांना शिकवली आहे. शब्द अडला तर श्रीपाद जोशी आणि एन. एस. गोरेकर यांचा उर्दू-मराठी शब्दकोश आहे. आणि उर्दू माध्यमातल्या माझ्या मुलांना मी उलट बाजूनं तेच सांगतो: मराठी ही परीक्षेत पास होण्यापुरती भाषा नाही, तुमच्याच इतिहासाची अर्धी चावी तिच्यात आहे.

आमच्या वर्गात एक वही आहे. कुणी पुस्तक वाचलं की त्यात तीन गोष्टी लिहायच्या: पुस्तकाचं नाव, ते कुणी सुचवलं आणि आता तू कुणाला सुचवणार. न आवडलं तर तसंही लिहायचं, पण नोंद करायची. मुलांनी वहीला ‘फेरिस्त’ नाव दिलंय. परवा एका पोरीनं तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘अम्मीला. तिला वाचता येत नाही, मी पढून दाखवणार.’

तुमच्या हाती सध्या कुठलं पुस्तक आहे? आणि ते पुढे कुणाला देणार आहात?